डाल्याखालची सरकी

आपण जिंकू नये म्हणून देव पाण्यात घालून बसणारा क्रिकेटवेडा मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे अमरावतीचे घरमालक, काकाजी. आपण हरू नये म्हणूनही ते तितकाच जीव टाकायचे, हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही त्या हॉटेलातल्या लोकांसारखा गैरसमज करून घ्याल. त्यांना निकालच नको असायचा. पाकिस्तानशी सामना असला की पाच दिवस खेळा, घाम गाळा, हातपाय मोडून घ्या, पण शेवटी कोणी जिंकू नका, कोणी हरू नका, मुकाट आपापल्या घरी जा, एवढंच त्यांचं मागणं. "जितीले मागनारे लाखो हाएत, तारबाबू," ते म्हणायचे. "बराबरीले मागनारा मी एकटा."

तारबाबू म्हणजे मी. साठ साली पावसाळा संपता संपता माझी बदली अमरावतीच्या तार ऑफिसात झाली. ड्युटी बहुतेक रात्रीची. खोली शोधायला निघालो तर प्रत्येक दारात आधी आडनाव विचारायचे आणि आडनाव सांगितलं की खोली आदल्याच दिवशी गेलेली असायची. आमच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला चार वर्षं झाली होती, पण धर्म बदलला तरी आडनाव तेच. शेवटी बुधवाऱ्यातल्या एका कौलारू घराशी आलो. ओसरीत एक दांडगा, काळासावळा म्हातारा रेडिओकडे पाठ करून बसला होता. मी आडनाव सांगायला तोंड उघडलं तर त्याने हातानेच थांबवलं.

"ह्या रेडिओतलं इंग्रजी समजते का?"

"समजतं की."

"क्रिकेटचं?"

"तेही समजतं."

"मंग सामान आना."

भाड्याची गोष्ट नंतर झाली. पहिली अट अशी, की सामना असेल त्या दिवशी मी ओसरीत बसायचं आणि रेडिओवाला इंग्रजीत काय सांगतो ते वऱ्हाडीत सांगायचं. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाला ही अट म्हणजे शिक्षाच होती. पण रस्त्यावर झोपण्यापेक्षा क्रिकेट परवडलं.

काकाजींची जमीन दर्यापूरकडे. ती बटईने दिलेली. मुलगी लग्न होऊन अकोल्याला गेलेली. घरात ते आणि काकू, दोघंच. काकू तोंडाने फटकळ. मला पाणी द्यायची ती पहिले काही दिवस तांब्या खाली ठेवून. पुढे हातात देऊ लागली. केव्हापासून ते तिलाही आठवणार नाही, मला मात्र आठवतं.

गंमत अशी की काकाजींनी क्रिकेट कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्या डोक्यातलं मैदान म्हणजे खळं. खळ्याच्या मधोमध बैल फिरवायला मेढ असते, तशा ह्या तीन मेढी. "पन तीन काऊन बाप्पा? आमच्या खळ्यात तर एकच रायते." मी एकदा त्यांना कॉलेजच्या पोरांचा सामना पाहायला नेलं. थोडा वेळ बसले, मग धोतर झटकून उठले. म्हणाले, "हे नाई ते. रेडिओतले लोकं अलग." परत कधी आले नाहीत.

रेडिओकडे पाठ करून का बसता, असं मी विचारलं होतं. "समोर बसलं का तोही आपल्याले पाहून घेते," ते म्हणाले. मी खो खो हसलो. ते हसले नाहीत. त्यांची नजर ओसरीलगतच्या परसात, निंबाखाली पालथ्या घातलेल्या डाल्यावर होती. कोंबड्या झाकायचं साधं बांबूचं डालं. त्याखाली कोंबडी नव्हती.

आता ते डालं सांगतो. आमच्या वऱ्हाडात बुलढाण्याकडे आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतात घट मांडतात. खड्डा करून मधे ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, भोवती रिंगण करून निरनिराळे दाणे. रात्रभर तिथे कोणी फिरकायचं नाही. सकाळी कोणता दाणा सरकला, कोणता रिंगणाबाहेर गेला, ते पाहून सालाचं पीकपाणी सांगायचं. दूरदूरचे शेतकरी ते ऐकायला जातात. काकाजींचे थोरले भाऊ दरवर्षी जायचे. तीच मांडणी ह्या घरी आली आणि क्रिकेटला लागली. पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं असतात, ह्यांची सामन्याच्या पाच दिवसांची पाच. घागरीऐवजी मडकं. आणि रिंगणात आपल्या प्रत्येक खेळाडूचा एक दाणा.

ह्याचा परिणाम असा झाला की खेळाडूंची नावं आमच्या घरात कोणी घेईना. सलामीचा एक ज्वारी, एक करडी. मधल्या फळीत हरभरा, तूर, जवस. फिरकीवाला उडीद. मी भाषांतर करायचो ते असं: "ज्वारीनं चौका मारला. तूर बाद होता होता वाचली." एकदा तार ऑफिसात कोणी विचारलं, कोण गेलं रे, आणि माझ्या तोंडून निघालं, "जवस." सगळे माझ्याकडे पाहतच राहिले. मी लाजलो, पण खोटं कशाला सांगू, मजा यायची.

त्या हिवाळ्यात पाकिस्तानवाले इकडे पाच सामने खेळायला आले. पहिल्या सामन्याच्या सकाळी काकाजींनी मला परसात बोलावलं. डालं उचललं. ओल्या मातीत दाण्यांचं रिंगण जसंच्या तसं होतं, मुंगी नाही, चिमणीची चोच नाही. फक्त करडीचा पांढरा दाणा रिंगण सोडून चांगला वीतभर बाहेर येऊन पडला होता. काकाजींनी पाहिलं आणि डालं पुन्हा झाकलं. त्या सामन्यात करडी आली तशी गेली. मी भाषांतर करायच्या आधीच ते म्हणाले, "करडी ना?"

"उंदरानं सरकवला असेल दाणा," मी म्हटलं.

"उंदीर दाना खाते का सरकवते?"

मी दीक्षा घेतलेला माणूस. घट, कौल, अंगारे-धुपारे सगळं आमच्या बापाने गावाबाहेर नेऊन टाकलं होतं. माझी माय बाळापूरला एकटी राहायची, तिनेसुद्धा देव्हारा मोडताना डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. मी काय करडीच्या दाण्याला भिणार! पण त्या दिवशी मी डाल्याकडे पाठ करून बसलो आणि काकाजी रेडिओकडे पाठ करून. आम्हां दोघांना असं समोरासमोर बसलेलं पाहून काकू म्हणाली, "पाह्य ना, दोन येडे."

मग एका दुपारी तंबाखू मळता मळता काकाजींनी सगळं सांगितलं. पाकिस्तानवाले पहिल्यांदा इकडे खेळायला आले त्या साली कापूस बरा पिकला होता, म्हणून त्यांनी रेडिओ घेतला. थोरल्या भावाने गमतीगमतीत पहिली मांडणी केली. खेळाडूंचे दाणे मांडले, आणि वर घरातल्या माणसांचेही मांडले. पहिला सामना आपण जिंकलो. त्याच संध्याकाळी थोरला भाऊ वावरात गेला तिथे त्याला पान लागलं. साप कोणी पाहिला नाही. दुसरा सामना आपण हरलो. म्हातारी आई ओसरीत बसल्या बसल्या कलली, ती उठलीच नाही. तिसरा पुन्हा जिंकलो.

"तिसऱ्याले मायं पोरगं," काकाजी म्हणाले. "विहिरीत. पोहनी येत होतं त्याले."

निंबावर कावळा ओरडत होता, त्याला काकाजींनी हातानेच हाकललं.

"तिन्ही वेळा सक्काळी त्या त्या मानसाचा दाना बाहेर होता. पहिल्या दोनदा आमी ध्यान नाई देल्लं. तिसऱ्यांदा माया डोक्यात उजेड पडला, पन तवा पोराले वरती काढून ठेवलं होतं." ते थांबले. तंबाखू तोंडात टाकायची विसरून हातातच धरून राहिले. "मंग दोन सामने झाले. दोन्हींत दाना बाहेर गेलता. एकात माया, एकात तुमच्या काकूचा. पन निकाल नाई लागला. अन् संध्याकाळी पाह्यतो तं दाना आत. आपुनच फिरून आलता."

असा त्यांचा सारा हिशेब. निकाल लागला की बाहेरचा दाणा बाहेरच राहतो. निकाल नाही लागला तर तो परत येतो. पुढे आपले लोक तिकडे खेळायला गेले, तिथे एकाही सामन्याचा निकाल लागला नाही. सारं गाव कंटाळून जांभया देत होतं आणि ह्यांच्या घरी प्रत्येक सामन्यानंतर पुरणपोळी. दुसऱ्या देशांशी आपण जिंका की हरा, काकाजींना काही घेणं नव्हतं. "ते दूरचे लोकं. हे भाऊबंद. भाऊबंदकीच्या भांडनात निकाल लागून कोनाचं भलं झालं, दाखवा."

"मग मांडताच कशाला? नका मांडू ना," मी म्हटलं.

"नाई मांडलं तं का दाने थांबतीन? आपल्याले दिसनार नाई, एवढंच."

ते इतक्या साधेपणाने म्हणाले की माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. वाद घालायला सतरा मुद्दे होते माझ्याकडे. योगायोग असतो, साप तर दरसाल चावतात, म्हातारी माणसं जातातच. पण विहिरीत बुडालेल्या पोराच्या बापाला योगायोग म्हणजे काय ते समजावून सांगणारा मी कोण?

दुसऱ्या सामन्याच्या सकाळी मी आपणहून परसात गेलो. घरातल्या माणसांचे दाणे मडक्याच्या अगदी जवळ, आतल्या बाजूला असायचे. काकाजींचा गहू, काकूचा तांदूळ. त्या दोघांच्या बाजूला एक राखाडी लव असलेली कापसाची बी दिसली. सरकी.

"ही कोणाची?"

"तुमची."

माझं डोकंच फिरलं. "मला न विचारता? कोणी सांगितलं तुम्हाला मला ह्यात ओढायला? मी हे काही मानत नाही, काकाजी. काढा ती."

"तुमी ह्या छपराखाली झोपता ना?" एवढंच बोलून त्यांनी डालं झाकलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. कॉमेंट्री मात्र सांगितली, कारण अट ती अट. राग तर होताच, पण आत कुठेतरी बरंही वाटत होतं, हे कबूल करतो. त्या शहरात आम्हाला आपल्यात मोजणारं दुसरं कोण होतं?

सामने होत गेले आणि एकाचाही निकाल लागेना. लोक वैतागले. चौथ्या सामन्याच्या सकाळी काकूचा तांदूळ बाहेर होता. काकूला ते सांगायचं नाही असा दंडक, पण ती नवऱ्याचा चेहरा वाचायची. "काय हो, माया नंबर का?" म्हणून भाकऱ्या थापत राहिली. ते पाच दिवस काकाजी दुपारचं जेवले नाहीत. आपला गडी बाद झाला तरी दचकायचे, त्यांचा झाला तरी दचकायचे. मी शेवटच्या दिवशी सकाळपासून डाल्यावरची नजर हलवली नाही. म्हातारा स्वतःच दाणे सरकवत असेल, असा माझा संशय होता. ओसरीतून परस सगळं दिसतं. रात्रीचं मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी डाल्याजवळ कोणीही गेलं नाही. मी सकाळी पाहिला तेव्हा तांदूळ बाहेर होता. संध्याकाळी सामना तसाच सुटला, काकाजींनी डालं उचललं, तांदूळ आत होता. आता सांगा. मी आजवर पुष्कळांना विचारलंय, पण कोणाजवळ उत्तर नाही.

शेवटचा सामना दिल्लीला. तो सुरू व्हायच्या आधीच मी आडवा झालो. मुदतीचा ताप. डॉक्टरांनी औषध दिलं, दूध-पेज सांगितली, आणि ताप उतरेपर्यंत हलायचं नाही असं बजावलं. माझी खोली परसाच्या कडेला, खिडकी डाल्यासमोर. काकू कपाळावर ओल्या घड्या ठेवायची. बाळापूरला मायला कळवू नका म्हणून मी सांगितलं होतं, बिचारी धावत आली असती.

सामन्याच्या पहिल्या सकाळी खिडकीतून काकाजींचा आवाज आला. ते काकूला म्हणाले, "सरकी."

मी ऐकलं. ह्या गोष्टी न मानणारा मी, तापाने फणफणलेला, आणि कोपरावर उठून डाल्याकडे पाहू लागलो. माझा जीव आता दिल्लीच्या मैदानावर टांगला आहे असं वाटू लागलं आणि ह्या वाटण्याची स्वतःचीच लाज वाटली. बाहेर उन्हात ते डालं तसंच पडून होतं. भरदुपारी मला त्याच्या आतून आवाज यायचा, सुपात तुरीचे दाणे हलकेच घोळवल्यासारखा. तापात माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं, हे मला कळत होतं. तरी मी काकूला विचारलं, "काही वाजतं का?" काकूने डाल्याकडे पाहिलं, खिडकी लावून घेतली, आणि हो की नाही ते सांगितलं नाही.

ओसरीत रेडिओ इंग्रजीत बोलत राहायचा आणि समजणारं कोणी नाही. काकाजी मधेच माझ्या उशाशी येऊन बसायचे. "बाबू, का म्हनून राहिला तो?" मी कान द्यायचो, पण शब्द विरघळून जायचे. शेवटच्या दिवशी एवढं समजलं की आपण जिंकायला आलो आहोत. त्यांचे गडी एकामागून एक चालले होते. मी ते सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं, पण त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. काकाजी उठले. दारापाशी काकू आणि ते हलक्या आवाजात काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. मग ते टोपी घालून निघून गेले. चौकातल्या हॉटेलात एक वकील कॉमेंट्री ऐकून लोकांना मराठीत सांगायचे. तिथे गेले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. आमच्या तार ऑफिसातला एक जण तिथे होता, त्याने सांगितलं. हॉटेल खचाखच भरलेलं. त्यांची शेवटची जोडी खेळत होती. एक गडी बाद झाला की विजय आपल्या हातात. लोकांनी श्वास रोखलेला, आणि कोपऱ्यातून एक म्हातारा हात जोडून मोठमोठ्याने म्हणतोय, "टिक रे लेका! टिकून राय पोरा! जाऊ नोको!" आधी लोकांना वाटलं, आपल्याच कोणाला म्हणतोय. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की आपण तर चेंडू टाकतोय, खेळतायत ते.

"कोनाले म्हनून राहिला बे हा?"

"गद्दार हाये साला!"

मग काय, मारलं त्यांना. खुर्चीवरून ओढून, सदरा फाडून. आमचा तारवाला म्हणाला, की विलक्षण गोष्ट अशी, म्हातारा मार चुकवत नव्हता. खाली पडल्या पडल्या वकिलांकडे पाहून एकच विचारत होता, "आउट झाला का हो? आउट झाला का?" शेवटी गडी बाद झाला तेव्हा लोक त्यांना सोडून नाचायला लागले. काकाजी भिंतीला टेकून बसले, कानातून रक्त. पण ती जोडी इतकी टिकली होती, की आपल्याला धावा काढायला वेळच उरला नाही. थोड्या वेळाने वकील म्हणाले, संपला, बरोबरीत सुटला. सगळं हॉटेल मुकं झालं आणि एकटा तो म्हातारा फाटक्या सदऱ्याने हसत बाहेर पडला.

मला एवढंच आठवतं, की संध्याकाळी मला घाम फुटला, गोधडी भिजली, आणि डोकं हलकं झालं. डोळे उघडले तर काकाजी समोर उभे. एका बाजूचं तोंड सुजलेलं. "सुटली बाबू, सुटली!" म्हणून ते लहान पोरासारखे रडले. परसात जाऊन त्यांनी डालं उचललं की नाही ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

त्यांचा तो कान गेला तो गेलाच. गावात गद्दार हे नाव पडलं. घरावर दगड आले, दोन कौलं फुटली. ओळखीचे लोक रस्ता बदलायचे. मी म्हटलं, चला, त्या हॉटेलात जाऊन मी खरं काय ते सांगतो. काकाजींनी माझा हात धरला. "हसतीन लोकं. माह्यावर हसले तं हसू द्या, पन मेलेल्या मानसाईवर हसतीन. ते नोको." पुढे माझी बदली अकोल्याला झाली. मी निघालो तेव्हा काकाजी म्हणाले, आता त्यांच्याशी सामने होत नाहीत हे बरं आहे. आणि झालेच नाहीत. मधे लढाई झाली, येणंजाणं तुटलं.

सहासात वर्षांनी अकोल्यातच, त्यांच्या मुलीच्या घरी, मी काकूला भेटायला गेलो. काकाजी दर्यापूरच्या वावरात धुऱ्याच्या बांधावर बसल्या बसल्या गेले होते, शांतपणे. काकू बाजेवर बसून डाळ निवडत होती. मला पाहून रडली, मग फटकळपणे म्हणाली, "बारीक झाले तुमी. बायको खाऊ घालत नाई का?" चहा झाला. मुलगी आत गेली. मग काकूने सूप बाजूला ठेवलं.

"बाबू, एक सांगाचं हाये. सांगल्याबिगर मले मरता येनार नाई."

"बोला ना, काकू."

"दिल्लीच्या त्या मॅचीले, शेवटच्या दिवशी, मी ह्यायच्या आंधी उठली. मले हे ह्यायचं खूळच वाटे. म्हनलं, सरकी आत ठेवून देतो, म्हनजे हे गप बसतीन, जीवाले लावून घेनार नाई. डालं उचललं, सरकी रिंगनात ठेवली, झाकलं. हे उठले, डालं उचललं. बाहेर. हे तोंड धुवाले गेले तवा मी पुन्हा ठेवली. ह्या वेळी मातीत दाबली, बाबू, बोटानं. वरून माती लोटली. अन् हे आले तवा बाहेर. कोरडी. एक कन माती नाई तिले."

बाहेर रस्त्यावरून टांगा गेला. काकू माझ्याकडे पाहत नव्हती.

"तवा मी घाबरली. अन् दुपारी हे निघाले, तवा मी दारात आडवी झाली. मी म्हनलं, जाऊ नोका. जितू द्या आपल्याले एकदाचं. घरातल्या कोनाचा दाना नाई तो. परका मानूस हाये, ना नात्याचा ना गोत्याचा. त्याच्यासाठी काऊन मरता?" तिने पदराने नाक पुसलं. "तुमी आत पडले होते. मीच तुमच्या डोक्शावर घड्या ठेवून राह्यली होती, अन् मीच असं म्हनलं."

राग आला. खरं सांगतो, आधी रागच आला, जुना, तांब्या खाली ठेवायची त्या दिवसांचा. तो ओसरायला वेळ लागला. मी विचारलं, "काकाजी काय म्हणाले?"

"म्हने, आपलं पोरगं विहिरीतून काढलं तवा गल्लीत फटाके फुटून राह्यले होते. मायं रडनं मलेच आयकू येत नव्हतं, म्हने. त्याच्या मायच्या नशिबी ते नोको."

ती पुन्हा सूप मांडीवर घेऊन डाळ निवडू लागली. मग तिने मान वर केली.

"त्यायच्याशी पुन्हा मॅच होईन का हो?"

"होईल कधीतरी."

"मंग मी मांडन. बराबरीले मागाले कोनी पायजे ना. पन मले इंग्रजी येत नाई."

मी, देव्हारा मोडलेल्या घरातला माणूस, म्हणालो, "मी येईन, काकू. मी सांगेन."